वायुदूतचा हिशेब: लहान गावांची विमानं आणि त्यांची सुरक्षितता

(पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पनवेलमध्ये सध्या विमानतळ सोडून दुसरा विषय नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, तेव्हा पहिलं विमान कधी उडतं याची सगळे वाट बघत होते. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं, गावं उठली. हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, त्यावर मी तुम्हाला काय सांगणार? मी आज बोलणार आहे ते एका बंद पडलेल्या विमान कंपनीबद्दल. तिचं नाव वायुदूत. पण सुरुवात मी पनवेलच्याच एका रात्रीपासून करतो.

इथे साठीच्या पुढची बरीच मंडळी दिसतायत. ४ ऑगस्ट १९७९ ही तारीख कुणाला आठवते? हात वर करा. चार, पाच... हां, मागे एक. ठीक आहे.

त्या रात्री इंडियन एअरलाइन्सचं एक विमान पुण्याहून मुंबईला निघालं होतं. आत ४५ माणसं होती. पावसाळी रात्र, हवा खराब. मुंबईकडे उतरत येताना ते विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलं. अपघाताच्या नोंदींत किरोलीचा डोंगर असं नाव येतं. ४५ पैकी एकही वाचला नाही.

आता एवढी मोठी गोष्ट आपल्याच तालुक्याच्या आठवणीतून इतकी पुसट का झाली? एक साधं कारण सांगतो. बरोबर एका आठवड्यानं, ११ ऑगस्टला, गुजरातेत मोरबीचं धरण फुटलं. हजारो माणसं गेली. वर्तमानपत्रांची पानं तिकडे वळली आणि डोंगरातलं विमान मागे पडलं.

सह्याद्री उतरून येणं

हे विमान कोणतं होतं? एचएस ७४८. आपल्याकडे सगळे त्याला 'ॲव्हरो' म्हणायचे. मूळ आराखडा इंग्लंडचा, पण कानपूरला आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं जुळवलेलं. त्यांच्याकडे जुळवलेलं पहिलं ॲव्हरो १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं. दोन पंखेवाली इंजिनं, आत चाळीस-पंचेचाळीस आसनं. हवाई दलानं ही विमानं घेतली, इंडियन एअरलाइन्सनंही घेतली. त्या काळात मधल्या शहरांचा विमानप्रवास म्हणजे ॲव्हरो, नाहीतर फोकर.

पुणे-मुंबई हे अंतर विमानाला काहीच नाही. पण त्यातली मेख बघा. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळजवळ साडेएकोणीसशे फुटांवर. मुंबईचा समुद्राला लागून, चाळीसेक फुटांवर. आणि मध्ये काय? घाट. घाट उतरलात तरी संपत नाही. माथेरान आठशे मीटरच्या आसपास, प्रबळगड सातशेच्या. विमान चढतं न चढतं तोच उतरायला लागायचं. ढगातून खाली कधी यायचं, हा सगळा प्रश्न. दोन मिनिटं आधी खाली आलात, तर खाली खाडी नसते, प्रबळगडाची रांग असते.

अशा अपघाताचा एक प्रकारच आहे. विमान ठणठणीत असतं. इंजिनं चालू असतात. वैमानिकाचा ताबा पूर्ण असतो. आणि तरी ते डोंगरात जातं, कारण डोंगर दिसतच नाही. शेवटच्या क्षणापर्यंत आत बसलेल्यांना सगळं नेहमीसारखं वाटत असतं. यावर उपाय म्हणून एक यंत्र निघालं. जमीन झपाट्यानं जवळ यायला लागली की ते विमानात ओरडून सांगतं. डॉन बेटमन नावाच्या अभियंत्याचं हे काम. डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक विमान असंच डोंगरावर गेलं, ९२ माणसं गेली. त्यानंतर तिथे मोठ्या प्रवासी विमानांना हे यंत्र सक्तीचं झालं. मोठ्या विमानांना, हे लक्षात ठेवा. दहा-वीस आसनांच्या विमानांपर्यंत ती सक्ती पोचायला अमेरिकेतसुद्धा नव्वदचं दशक उजाडलं.

'मोठ्यांना आधी, छोट्यांना नंतर' हे आजच्या व्याख्यानाचं सूत्र समजा. वायुदूतची गोष्ट त्यातूनच समजते.

वायुदूत कशी जन्मली

२० जानेवारी १९८१ ला वायुदूत स्थापन झाली आणि २६ जानेवारीला, म्हणजे सहाच दिवसांनी, तिची विमानं उडू लागली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून काढलेली ही तिसरी कंपनी. उद्देश ईशान्य भारताचा. तिथे बऱ्याच भागात रेल्वे नाही, रस्ता पावसात वाहून जातो. पण दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या धावपट्ट्या मात्र गवतात पडून होत्या. त्यांच्यावर छोटी विमानं उतरवायची, असा विचार. विचार चांगलाच होता. सिल्चरचा माणूस गुवाहाटीला तासाभरात पोचणार असेल, तर त्याच्यासाठी विमान ही चैन नव्हे. ती एसटीच.

पण कल्पना चांगली निघाली की सगळ्यांनाच हवी होते. ईशान्येत गेली तर आमच्याकडे का नाही? राज्यं मागायला लागली, खासदार मागायला लागले. ऐंशीचं दशक संपता संपता वायुदूतची ठिकाणं शंभराच्या घरात पोचली. आपल्याकडे कोल्हापूर, रत्नागिरी, नांदेड अशा नावांपुढे वायुदूतचं वेळापत्रक दिसायला लागलं. रत्नागिरीला विमानानं जाता येतं, ही त्या काळात केवढी मोठी बातमी होती ते कोकणातल्या माणसाला विचारा.

विमानं कुठून आली

कंपनी नवी, पण विमानं? सुरुवातीची विमानं थोरल्या भावाच्या उतरलेल्या कपड्यांसारखी. इंडियन एअरलाइन्सकडची फोकर एफ-२७ आणि ॲव्हरो. फोकर तिथे १९६१ पासून वापरात होतं. थोरल्या कंपनीकडे जेट आली, बोइंग आली, एअरबस आली, तसतशी ही पंखेवाली विमानं धाकट्या कंपनीकडे सरकत गेली.

इथे एक गैरसमज दूर करतो. जुनं विमान म्हणजे धोक्याचं विमान, असं सरसकट नसतं. नीट देखभाल झाली, ठरल्या वेळी सुटे भाग बदलले, तर पंचवीस वर्षांचं विमान व्यवस्थित चालतं. पण ते खर्चिक होतं. ते जास्त दिवस हँगरमध्ये बसतं. म्हणजे जुनी विमानं चालवायची तर कंपनीकडे जादा विमानं हवीत, जादा भाग हवेत, जादा पैसा हवा. आणि जुनी विमानं मिळतात कुणाला? ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला.

मग आलं डॉर्निअर २२८. हे मात्र नवं होतं. जर्मन आराखड्याचं, १९ आसनांचं, आखूड धावपट्टीवर उतरणारं विमान. १९८३ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं ते कानपूरला बनवण्याचा करार केला आणि १९८६ मध्ये कानपूरचं पहिलं डॉर्निअर उडालं. वायुदूत त्याच्या पहिल्या ग्राहकांपैकी.

१९ हाच आकडा का? अनेक देशांत नियम असा की १९ आसनांपर्यंत हवाई सेविका ठेवण्याची सक्ती नाही. विसावं आसन आलं की एक पगार वाढला. म्हणून जगभर १९ आसनांची विमानं निघाली. पण बाकीचा खर्च मात्र आसनांच्या हिशेबानं कमी होत नाही. वैमानिक दोनच लागतात, मग मागे १९ बसोत नाहीतर १५०. विमानतळावर अग्निशमन हवंच, हवामानाची माहिती हवीच. १९ पैकी ९ जागा भरल्या तर तो सगळा खर्च नऊ तिकिटांवर. आणि तिकीट महाग केलं तर तो माणूस रातराणी एसटीनं जातो. त्याला दोष कसा देणार?

दुसरं, या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला नसतो. त्यामुळे ते साधारण दहा हजार फुटांच्या आसपासच उडतं. मोठं जेट पावसाच्या ढगांवरून निघून जातं. छोट्या विमानाला बराच वेळ ढगांतूनच वाट काढावी लागते. पावसाळ्यातला सह्याद्री डोळ्यांसमोर आणा, म्हणजे याचा अर्थ कळेल.

आणि एक. फोकर, ॲव्हरो, डॉर्निअर म्हणजे एका लहान कंपनीकडे तीन जातींची विमानं. तिघांचे सुटे भाग वेगळे, तिघांचे तंत्रज्ञ वेगळे, वैमानिकाचं प्रशिक्षण वेगळं. एसटीच्या आगारात तीन कंपन्यांच्या गाड्या असल्या की आगारप्रमुखाचं काय होतं ते विचारा. इथे तर गाडी हवेत असते.

दोन तारखा

आता वायुदूतच्या नोंदीतले दोन मोठे अपघात.

पहिला १९ ऑक्टोबर १९८८. सिल्चरहून गुवाहाटीला निघालेलं वायुदूतचं फोकर गुवाहाटीजवळ कोसळलं. आतली सगळी ३४ माणसं गेली. पण ही तारीख तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर ती दुसऱ्याच कारणानं. त्याच दिवशी सकाळी इंडियन एअरलाइन्सचं मुंबईहून निघालेलं बोइंग अहमदाबादला उतरताना पडलं. १३५ पैकी १३३ माणसं दगावली. एका दिवसात देशात दोन विमानं. अहमदाबाद सगळ्यांच्या लक्षात राहिलं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला पुन्हा विमान पडलं, तेव्हा १९८८ ची आठवण वर्तमानपत्रांनी काढली. गुवाहाटीच्या ३४ माणसांची फारशी कुणी काढली नाही. मोरबीच्या वेळी झालं तसंच. छोट्या विमानाचा अपघात मोठ्या बातमीच्या सावलीत जातो, आणि त्यावरचा प्रश्नही तिथेच राहतो.

दुसरा अपघात आपल्या महाराष्ट्रातला. २३ सप्टेंबर १९८९. पुण्याहून हैदराबादला निघालेलं वायुदूतचं डॉर्निअर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळलं. आतली अकराच्या अकरा माणसं गेली. म्हणजे बघा, हे तर नवं विमान होतं. मघाशी मी म्हणालो की जुनं म्हणजे धोक्याचं असं नसतं. नवं म्हणजे निर्धोक, असंही नसतं.

३४ आणि ११. बेरीज ४५. किरोलीच्या डोंगरावर एका रात्रीत गेली तेवढीच माणसं.

आकडे कसे वाचायचे

आता कुणी विचारेल, मग वायुदूत असुरक्षित होती का? इथे जरा सावकाश जाऊ.

वायुदूतच्या हयातीतच इंडियन एअरलाइन्सचे मोठे अपघात मोजा. १९८८ अहमदाबाद, १३३. फेब्रुवारी १९९० बंगळूर, ९२. ऑगस्ट १९९१ इंफाळ, ६९. आणि २६ एप्रिल १९९३, आपलं औरंगाबाद. उड्डाण करणारं विमान रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या ट्रकला धडकलं, ५५ माणसं गेली. मृतांचा नुसता आकडा धरला तर थोरली कंपनी कितीतरी पुढे. पण ती उडतही कितीतरी जास्त होती. म्हणून अपघातांची संख्या एकटी काहीच सांगत नाही. किती उड्डाणांमागे किती, हे बघावं लागतं. आणि लहान कंपनीत उड्डाणंच कमी, त्यामुळे एक अपघात इकडचा तिकडे झाला की सगळं प्रमाण बदलतं. दोन अपघातांवरून टक्केवारी काढणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून जरा लांब राहा.

मग छोट्या कंपनीची सुरक्षितता ओळखायची कशावरून? माझं म्हणणं एवढंच आहे की अपघातांच्या यादीपेक्षा तिला रोज काय परवडतं ते बघा.

समजा संध्याकाळची वेळ आहे. पाऊस आहे. पुढच्या गावच्या धावपट्टीवर रात्रीचे दिवे नाहीत, उतरायला मदत करणारी रेडिओ यंत्रणा नाही. वैमानिकाला वाटतं, परत फिरावं. परत फिरला तर इंधन गेलं, प्रवाशांचा खर्च आला, उद्या सकाळची फेरी रद्द, कारण दुसरं विमानच नाही. मोठ्या कंपनीचा वैमानिक परत फिरतो तेव्हा त्याच्यामागे राखीव विमान उभं असतं. छोट्या कंपनीचा वैमानिक तितकाच शहाणा असतो, पण त्याच्या परत फिरण्याची किंमत जास्त असते. किरोली, गुवाहाटी किंवा उजनीला नेमकं हेच घडलं, असं मी म्हणत नाही. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असतं आणि ते चौकशीनं ठरतं. मी सांगतोय ते रोजच्या हजार फेऱ्यांबद्दल, ज्यांत काहीच घडत नाही. सुरक्षितता तिथे तयार होते. परत फिरणं परवडायला हवं, ही ती गोष्ट.

शेवट, आणि पुन्हा सुरुवात

वायुदूतला ते परवडेनासं झालं. तोटा वाढत गेला. १९९३ मध्ये तिचं इंडियन एअरलाइन्समध्ये विलीनीकरण झालं. उरलेल्या फेऱ्या काही वर्षं एका वेगळ्या विभागाखाली चालल्या आणि एप्रिल १९९७ मध्ये त्याही थांबल्या. कर्मचारी दोन थोरल्या कंपन्यांत सामावले. धावपट्ट्यांवर पुन्हा गवत आलं, पोरं क्रिकेट खेळायला लागली.

वीस वर्षांनी सरकारनं तीच कल्पना 'उडान' या नावानं आणली. फरक एक होता. या वेळी रिकाम्या आसनांचा तोटा भरून काढायला ठरावीक काळ मदत द्यायची, असं आधीच ठरलं. २७ एप्रिल २०१७ ला पहिली उड्डाणं झाली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई-जळगाव सुरू झालं, एअर डेक्कनच्या वीसेक आसनांच्या विमानानं. आनंद झाला. पण नांदेडला जाणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली आणि ही एअर डेक्कन २०२० मध्येच. आणि एप्रिल २०२२ मध्ये अलायन्स एअरनं दिब्रुगढ ते पासीघाट अशी सेवा सुरू केली, कानपूरच्याच डॉर्निअर २२८ नं. चाळीस वर्षांनी तेच विमान, तोच ईशान्य भारत.

हे सगळं पनवेलला का सांगतोय? मुंबईच्या विमानतळावर छोट्या विमानाला जागा मिळणं फार कठीण. एका धावपट्टीवर क्रमानं उतरायचं, तर १५० माणसांच्या विमानाला सोडून १९ माणसांच्या विमानाला वेळ कोण देणार? दिली तरी अडनिड्या वेळेची. आता पनवेलला नवी धावपट्टी आलीय. कोल्हापूर, जळगाव, नांदेड, सिंधुदुर्गची माणसं इकडे डोळे लावून बसतील. ती विमानं आली, तर येतील त्याच पूर्वेच्या डोंगरांवरून, त्याच पावसातून. यंत्रं आता फार चांगली आहेत, १९७९ ची तुलना करू नका. पण पहिल्या दिवशी हार घालून फोटो काढताना तीन प्रश्न विचारा. राखीव विमान आहे का? दुसऱ्या टोकाच्या धावपट्टीवर दिवे आणि यंत्रणा आहे का? आणि मदत संपल्यावर, चौथ्या वर्षी, ही कंपनी कशावर चालणार आहे?

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, मग लहान गावांना विमानं देऊच नयेत का? रस्ते चांगले झालेत, वंदे भारत आहे.*

अहो, तसं नाही. पुण्याला जायला पनवेलहून विमान नकोच, एक्स्प्रेस वे आहे. पण सिल्चर म्हणजे पुणे नव्हे आणि नांदेडही नव्हे. जिथे रस्त्यानं दहा-बारा तास लागतात तिथे छोट्या विमानाला अर्थ आहे. माझं म्हणणं, कमी ठिकाणं घ्या पण पुरती घ्या. वायुदूतनं शंभर गावांना थोडं थोडं दिलं. पंचवीस गावांना नीट दिलं असतं तर कदाचित ती आज असती.

*प्रश्न: किरोलीच्या त्या अपघाताची इथे काही खूण असायला हवी, असं वाटतं का?*

हो, वाटतं. नव्या विमानतळावर भिंती मोठ्या आहेत, चित्रं लागतीलच. एका कोपऱ्यात एक छोटी पाटी: ४ ऑगस्ट १९७९, पुणे-मुंबई, ४५ जण. शेजारी आणखी दोन ओळी, गुवाहाटी आणि उजनी. रोज तिथून जाणाऱ्या वैमानिकाला, तंत्रज्ञाला, अधिकाऱ्याला ती दिसत राहावी. मघाशी ज्यांनी हात वर केले, त्यांनी कार्यक्रमानंतर जरा थांबा. त्या रात्रीचं जे आठवतं ते मला लिहून घ्यायचंय.